हरलेल्या बोलीदाराची गरज

हातात चेंडू घेऊन धावण्याच्या अमेरिकी फुटबॉलमध्ये १९६० साली ‘अमेरिकन फुटबॉल लीग’ मैदानात उतरली. मातब्बर ‘नॅशनल फुटबॉल लीग’पुढे तिचा टिकाव लागणे कठीणच होते. तथापि आठही संघांचे प्रक्षेपणहक्क एकत्रितपणे एबीसी वाहिनीस विकून रक्कम समसमान वाटून घेण्याचे शहाणपण तिने दाखविले. जुन्या लीगने १९६१ मध्ये सीबीएसशी असाच करार केला, तेव्हा न्यायालयाने तो स्पर्धेस बाधक ठरविला. त्याच वर्षी अमेरिकी संसदेने खास कायदा करून ही वाट मोकळी केली.

खरी कलाटणी १९६४ च्या जानेवारीत मिळाली. सीबीएसने जुन्या लीगचे हक्क दोन वर्षांसाठी सुमारे २ कोटी ८२ लाख डॉलरना घेतले. बोलीत मागे पडलेल्या एनबीसीला फुटबॉल तर हवाच होता. प्रतिस्पर्ध्याचा सौदा नव्या लीगच्या असा पथ्यावर पडला! एनबीसीने तिला पाच वर्षांसाठी ३ कोटी ६० लाख डॉलर देऊ केले. उत्पन्नाच्या या हमीवर नवे संघ नामांकित खेळाडूंसाठी बोली लावू लागले. १९६५ च्या आरंभी न्यूयॉर्क जेट्सने ज्यो नेमथला ४ लाख २७ हजार डॉलरचा करार दिला. ही चढाओढ दोघांनाही परवडेना. १९६६ च्या जूनमध्ये विलीनीकरण जाहीर झाले. १५ जानेवारी १९६७ रोजी दोन्ही लीगचे विजेते प्रथमच समोरासमोर आले, तेव्हा तो सामना सीबीएस व एनबीसी या दोन्ही वाहिन्यांनी एकाच वेळी दाखविला. करार दोघींच्याही हाती होते.