हलगी आठवते, हलगीवाला?

यात्रेचा विषय निघाला की सातारा-सांगलीकडचा माणूस हमखास म्हणतो, "सगळं डॉल्बीनं खाल्लं, हलगीची मजा गेली." हळहळ खरी आहे. कुंडलच्या कुस्ती मैदानात हलगी-घुमकं कडाडलं की पैलवानाआधी बघणाऱ्याचेच दंड फुरफुरतात.

मैदानाच्या कडेला उसाचं पाचट पेटवून त्या जाळावर हलगी फिरवत शेकतात. शेळीचं कातडं ताणलं की टिचकी मारून बघायचं; आवाज बद्द आला तर पुन्हा जाळावर. मग एका हातात जाडसर टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी, आणि कुस्तीचा रंग बघून लय चढवत न्यायची. ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः मातंग समाजानं सांभाळली. लग्नाच्या वरातीत, बेंदराच्या मिरवणुकीत त्यांची हलगी सगळ्यांत पुढं. घर मात्र गावाबाहेर.

तमाशाचंही तेच: कला हवी, कलावंत मात्र दूर. तमाशातल्या काळू-बाळूंचं कवलापूर सांगलीजवळचं. वाटेगावात १९२० साली जन्मलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी हाच तमाशा कामगारांच्या सभेत नेला. १९४४ साली शाहीर अमर शेख आणि गवाणकरांसह लाल बावटा कलापथक उभारलं. लावणीचे शाहीर पठ्ठे बापूराव मूळचे रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण कुलकर्णी. तमाशासाठी त्यांना घर आणि जात दोन्ही सोडावी लागली, यावरून या कलेकडे बघायची तेव्हाची नजर कळते.

ब्राझीलमध्ये आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्यांच्या वंशजांची कहाणी याच वळणाची आहे. तिथं गुलामगिरी १८८८ साली संपली आणि १८९० च्या दंडविधानानं त्यांचा कापोएरा हा नाचासारखा लढाईचा खेळ गुन्हा ठरवला. त्यांच्या पूजेतल्या ढोलांवर पोलिसांच्या धाडी पडत. पुढं त्यांच्याच वस्त्यांतला सांबा देशाची ओळख झाला. बाहिया प्रांतातल्या सांबा दि रोडाला, म्हणजे गोलात नाचायच्या सांबाला, २००५ साली युनेस्कोनं मानवतेचा वारसा म्हणून गौरवलं. आपल्याकडंही स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली होती. आज त्याच तमाशाला आपण लोककला म्हणून मिरवतो.

म्हणून सगळा दोष डॉल्बीवर ढकलणं मला पटत नाही. अनेक घरांतल्या पोरांनी हलगी आपणहून खुंटीला टांगली. बापाला मयतीत, दवंडीत, पाटलाच्या दारात बोलावतील तेव्हा वाजवावी लागे. बदल्यात सुगीला पसाभर धान्य आणि वर अरे-तुरे. ते सोडून शाळेची वाट धरणाऱ्याला 'परंपरा बुडवली' म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. आणि मानानं, ठरलेल्या सुपारीवर जे आजही वाजवतात, त्यांच्या हातची हलगी ऐकून बघा; काही बुडालेलं नाही.

कुस्ती मैदानाच्या पोस्टरवर पैलवानांची, वस्तादांची, बक्षीस देणाऱ्यांची आणि पुढाऱ्यांची नावं असतात. येत्या हंगामात यात्रा कमिट्यांनी त्यात हलगीवाल्यांची नावं छापावीत, आणि त्यांचं मानधन आधी ठरवून हातात द्यावं.