मलमल, पानगळ आणि जेन ऑस्टिन

इंग्रजी कादंबऱ्या वाचणे म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असा एक समज आपल्याकडे आहे. त्यातही दोनशे वर्षांपूर्वीच्या, नाचाचे समारंभ, चहापान आणि लग्ने जुळवणे यांपलीकडे वरवर पाहता ज्यांत काहीच घडत नाही, अशा कादंबऱ्या शेतकऱ्याच्या मुलीने आवडीने वाचाव्यात, याचे पुष्कळांना नवल वाटते. या आवडीत नेमका आनंद कसला, ते थोडक्यात सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम 'रीजन्सी' म्हणजे काय ते पाहू. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आजारपणामुळे कारभार पाहण्यास असमर्थ ठरला, तेव्हा १८११ साली युवराज 'प्रिन्स रीजंट' म्हणून राज्य पाहू लागला. १८२० साली राजा वारला आणि हा काळ संपला. जेमतेम नऊ वर्षे! याच नऊ वर्षांत आपल्याकडे पेशवाई बुडाली आणि तिकडे जेन ऑस्टिनच्या सहाही कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. ती हँपशर परगण्यातील एका खेड्यातल्या पाद्रीबाबांची मुलगी. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चा पहिला खर्डा तिने वयाच्या एकविसाव्या वर्षी पुरा केला. वडिलांनी १७९७ साली प्रकाशकाला पत्र लिहून विचारले, तर हस्तलिखित न पाहताच उलट टपाली नकार आला. पुस्तक निघाले ते १८१३ साली, आणि त्यावर तिचे नावही नव्हते.

आता या कादंबऱ्यांत लग्नाखेरीज काही नाही, या आक्षेपाकडे वळू. बेनेट कुटुंबात पाच मुली. वर्षाचे उत्पन्न दोन हजार पौंड. पण मिळकतीला अट अशी, की ती पुरुष वारसाकडेच जायची. बाप गेला की मुलींनी राहते घर सोडायचे. लग्नासाठी धडपडणाऱ्या त्यांच्या आईला वाचक हसतात; पण घरात हा हिशेब मांडणारी ती एकटीच आहे, हे विसरून चालणार नाही. डार्सीचा स्वभाव कळण्याआधी त्याचे दहा हजार पौंड साऱ्या गावाला कळतात. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. थोरल्या दोघींची लग्ने बारावीनंतर झाली. मुलाची जमीन किती, बागायत किती आणि जिरायत किती, ही चौकशी मी लहानपणापासून ऐकली आहे. त्यामुळे ते दहा हजार पौंड मला मुळीच परके वाटले नाहीत. एलिझाबेथने नाकारलेल्या मूर्ख कॉलिन्सशी तिची सत्तावीस वर्षांची मैत्रीण शार्लट लग्न करते. वर्गात पुष्कळजणी शार्लटला नावे ठेवतात. मला ते जमत नाही. तिला प्रेम नव्हे, छप्पर हवे होते.

दुसरा आनंद पोशाखांचा. फ्रेंच राज्यक्रांतीच्या सुमारास जड रेशमी घेरदार झगे मागे पडले आणि ग्रीक पुतळ्यांच्या वस्त्रांवरून नवी तऱ्हा आली. कंबर छातीच्या खालीच आली आणि कापड पातळ, बहुधा पांढरे झाले. घेराखाली बांधायचा खिसा आता बाहेरून दिसू लागला, म्हणून हातात छोटी पिशवी आली. थंडी वाजू लागली, म्हणून शाल आली. आणि मलमल व शाल यांचे माहेर कुठले? ढाका आणि काश्मीर! 'नॉर्दँगर ॲबी'मधला हेन्री टिल्नी बहिणीसाठी खरी हिंदुस्थानी मलमल पाच शिलिंग वाराने घेतल्याची फुशारकी मारतो. 'मॅन्सफील्ड पार्क'मधल्या लेडी बर्ट्रमला भाच्याने हिंदुस्थानच्या सफरीवर जावे असे वाटते, ते शाल मिळावी म्हणून; आणि एक नव्हे, दोन! पुढे यंत्रावर विणलेल्या कापडाने ढाक्याचे विणकर देशोधडीला लागले. काश्मिरी शालींची नक्कल स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावात इतकी होऊ लागली, की आपल्या साडीवरच्या कोयरीला इंग्रजीत त्या गावाचेच नाव पडले. कापडाच्या एका तुकड्यात केवढा इतिहास दडलेला असतो!

तिसरा आनंद तिथल्या 'ऑटम'चा. शब्दकोशात याला शरद म्हणतात आणि इथेच आपली फसगत होते. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. कोजागरीचे चांदणे आणि हिरवे रान. आपली पानगळ शिशिरात, पाणी कमी पडू लागले की होते. इंग्लंडात सप्टेंबरपासून दिवस लहान होतो, थंडी वाढते, पानांतले हरितद्रव्य नाहीसे होते आणि आत लपलेला पिवळा रंग उघडा पडतो. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'मधली मेरीअन वाळक्या पानांवर इतकी लुब्ध, की थोरली बहीण तिची हलकेच थट्टा करते.

परंतु या ऋतूची खरी कादंबरी म्हणजे 'पर्स्वेजन'. ॲन एलियट एकोणीस वर्षांची असताना, म्हणजे आज मी आहे त्या वयात, मुलगा निर्धन म्हणून वडीलधाऱ्या बाईंच्या सल्ल्याने ठरलेले लग्न मोडते. आठ वर्षांनी तोच मुलगा श्रीमंत कप्तान होऊन परततो. नोव्हेंबरातल्या एका फेरफटक्यात तो दुसऱ्याच मुलीशी बोलत चालला आहे, आणि ॲन पानगळीवरच्या कविता आठवून मन रमवते आहे. तेवढ्यात वाटेत नांगर चालू असलेली शेते लागतात. हळहळायला कवी मोकळे आहेत. शेतकरी मात्र पुढच्या वसंताच्या तयारीला लागलेला असतो! एवढ्या एका वाक्यासाठी मी ही लेखिका आपली मानते. एकोणिसाव्या वर्षी इतरांनी दिलेला सल्ला किती मानावा, हा प्रश्नही तिने मला आधीच विचारून ठेवला आहे.

या कादंबऱ्यांची प्रकरणे लहान असतात. एस.टी.च्या एका फेरीत एखादे सहज होते. प्रत्येक शब्दाला कोश उघडू नये. कोण कोणाशी का बोलत नाही, एवढे समजले तरी पुरे. ग्रंथालयात यांतली एखादी कादंबरी दिसली तर जरूर न्यावी. 'पर्स्वेजन' मात्र सध्या माझ्याकडे आहे. परीक्षेपूर्वी परत करीन.

— द्वितीय वर्ष, कला