‘कार्ड उडालंय’ म्हणण्याआधी

“काऊन बे, याच्यात वायफायच दिसून नाही राहिलं!”

रात्री साडेअकराला माझ्या खोलीच्या दारात उभं राहून मित्राने हे वाक्य टाकलं आणि माझ्या पुढच्या दोन रात्रींच्या झोपेचं खोबरं झालं.

गोष्ट २०२५ च्या दिवाळीनंतरची. मित्र भामरागडकडचा. लॅपटॉप त्याच्या मामाने वापरून दिलेला, चांगलाच म्हातारा. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नियमित अपडेट देणं थांबवलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. मामाच्या लॅपटॉपमध्ये दोन्ही नाही. म्हणून होस्टेलवरच्या आणखी काही जणांसारखं यानेही लिनक्स टाकायचं ठरवलं. आमच्या विंगमध्ये डेबियन ११ भरलेला एक पेनड्राइव्ह या खोलीतून त्या खोलीत फिरत असतो, तोच वापरला. इन्स्टॉलेशन झकास झालं. स्क्रीन, आवाज, कीबोर्ड सगळं ठीक. फक्त वायफाय नाही.

माझ्याकडे येण्याआधी त्याने तो एका दुकानात दाखवला होता. तिथे निदान झालं, “कार्ड उडालंय. इतक्या जुन्या मशीनवर खर्च नको, नवाच घ्या.” घरी तेंदूपत्त्याच्या हंगामातले काही पैसे बहिणीच्या ॲडमिशनसाठी बाजूला ठेवले होते. तेच आता लॅपटॉपला लावावे लागणार, असं त्याच्या मनात पक्कं होत चाललं होतं.

मित्रांनो, कार्ड उडालेलं नव्हतं. आणि माझा अनुभव असा, की लिनक्सवर ‘वायफाय नाही’ अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा ते उडालेलं नसतंच. मग होतं काय, आणि ते शोधायचं कसं, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

एक कार्ड, चार कड्या

आपण ‘वायफाय चालू’ म्हणतो तेव्हा आत चार गोष्टी एकापाठोपाठ जुळलेल्या असतात.

पहिली कडी खुद्द कार्ड. लॅपटॉपच्या पोटात बसवलेलं किंवा यूएसबीला लावलेलं.

दुसरी कडी ड्रायव्हर. लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, त्या कार्डाशी बोलायचं कसं हे शिकवणारा प्रोग्रॅम.

तिसरी कडी फर्मवेअर. गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो. वायफाय कार्डावर स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो. त्याच्यासाठीचा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. बऱ्याच कार्डांमध्ये तो कायमचा भरलेला नसतो; मशीन सुरू झालं की ड्रायव्हरने हार्ड डिस्कवरून ती फाइल उचलून कार्डाला द्यायची असते. ड्रायव्हर आहे पण फाइल नाही, तर कार्ड जिवंत असूनही मुकं राहतं.

चौथी कडी परवानगी आणि जोडणी. रेडिओ चालू आहे ना, देश कुठला ठरवलाय, पासवर्ड बरोबर आहे का, वगैरे.

चारपैकी एकही कडी निसटली, की समोर चित्र एकच दिसतं: नेटवर्कची यादी रिकामी. म्हणून नुसती यादी बघून निदान करता येत नाही. एकेक कडी हलवून बघावी लागते.

आता प्रत्यक्ष तपासणी

हा मराठी विभाग असल्यामुळे आदेश देवनागरीत देतोय. टर्मिनलमध्ये टाइप करताना अर्थातच रोमन लिपीतली छोटी अक्षरं!

पायरी १. कार्ड दिसतंय का? आतल्या कार्डासाठी ‘एलएसपीसीआय’ आणि पुढे जागा सोडून ‘-एनएन’, यूएसबीवाल्यासाठी नुसतं ‘एलएसयूएसबी’. यादीत वायरलेसची ओळ आणि तिच्या शेवटी विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी जोडलेले चार-चार अक्षरी दोन आकडे दिसतील. पहिला आकडा कंपनीचा, दुसरा मॉडेलचा. पहिला ८०८६ असेल तर चिप इंटेलची. (मायक्रोप्रोसेसरचा पेपर आठवला ना? तोच तो ८०८६!) १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे ॲथेरॉस. खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाच्या खोक्यात वेगवेगळ्या काळात वेगवेगळी चिप निघू शकते. खरी ओळख या आकड्यांचीच. ओळच दिसली नाही, तर मात्र कार्ड सैल आहे, बायॉसमधून बंद आहे किंवा खरंच उडालंय.

पायरी २. ड्रायव्हर लागलाय का? ‘एलएसपीसीआय -के’ दिल्यावर कार्डाच्या खाली वापरात असलेल्या ड्रायव्हरचं नाव येतं. नाव आलं तर ही कडी शाबूत. नाही आलं तर वर मिळालेले दोन आकडे घेऊन त्या चिपचा ड्रायव्हर शोधायचा. काही ड्रायव्हर कर्नलबाहेरचे असतात. ते आपल्या मशीनवर कंपाइल होतात, त्यासाठी चालू कर्नलच्या हेडर फाइल्स लागतात. आणि मशीनमध्ये सिक्युअर बूट चालू असेल, तर असा सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. आपण मात्र इन्स्टॉल झालं, मग चालत का नाही, म्हणून डोकं खाजवत बसतो.

पायरी ३. फर्मवेअर मिळालंय का? ‘सुडो डीमेसेज’ (रोमनमध्ये ‘मेसेज’ या शब्दातली फक्त एम, ई, एस, जी ही अक्षरं आणि आधी डी) हा आदेश द्या. मशीन सुरू होताना कर्नलने जे जे पुटपुटलं ते सगळं समोर येईल. त्यात ‘फर्मवेअर’ हा शब्द शोधा. फाइल मिळाली नसेल तर तिच्या नावासकट तक्रार लिहिलेली असते आणि शेवटी त्रुटी क्रमांक उणे २. युनिक्सच्या भाषेत २ क्रमांकाची त्रुटी म्हणजे ‘अशी फाइल अथवा फोल्डर नाही’. कर्नलने चिठ्ठी लिहून ठेवलेली असते हो, वाचत आपण नाही.

पायरी ४. रेडिओ बंद तर नाही? ‘आरएफकिल लिस्ट’ द्या. इथे दोन प्रकारची बंदी दिसते. ‘सॉफ्ट’ बंदी सॉफ्टवेअरने घातलेली. ती ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ने उठते. ‘हार्ड’ बंदी म्हणजे लॅपटॉपच्या कडेची बारीक कळ किंवा फंक्शन-की. ती बोटानेच उठवायची, आदेशाने नाही.

एवढं झाल्यावर ‘एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट’ दिलं की आसपासची नेटवर्कं दिसतात. जुन्या पुस्तकांत यासाठी ‘आयडब्ल्यूकॉन्फिग’ हा आदेश सापडेल. त्याची जागा आता ‘आयडब्ल्यू’ने घेतली आहे.

फोनला दिसतं, लॅपटॉपला का नाही?

कधीकधी चारही कड्या ठीक असतात, शेजारच्या खोलीचा हॉटस्पॉट दिसतो, पण नेमकं आपल्याला हवं तेच नेटवर्क दिसत नाही. याची दोन साधी कारणं आहेत. एक, ते नेटवर्क ५ गिगाहर्ट्झवर आहे आणि आपलं जुनं कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं. फोनच्या हॉटस्पॉटमध्ये बँड बदलून बघा. दोन, राउटर १२ किंवा १३ क्रमांकाच्या चॅनेलवर आहे. भारतात हे चॅनेल चालतात, पण कार्ड स्वतःला अमेरिकेत समजत असेल तर ते ११ च्या पुढे बघतच नाही. ‘सुडो आयडब्ल्यू रेग सेट’ आणि पुढे मोठ्या लिपीत ‘आयएन’, असं सांगून त्याला भारतात आणता येतं. तेवढ्याने न ऐकणारी कार्डंही असतात. मग राउटरचाच चॅनेल १, ६ किंवा ११ करणं सोपं. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला, ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये.

फर्मवेअरचं हे लचांड आलं कुठून?

लिनक्सचा गाभा मुक्तस्रोत आहे; कोणीही वाचावा, सुधारावा, वाटावा. पण वायफाय चिप बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या सुरुवातीला चिपची माहितीच देत नव्हत्या. मग स्वयंसेवकांनी चिप कशी वागते याचं निरीक्षण करून, म्हणजे रिव्हर्स इंजिनिअरिंगने, ड्रायव्हर लिहिले. ब्रॉडकॉमच्या चिपसाठी असा लिहिलेला ड्रायव्हर २००६ मध्ये कर्नलच्या २.६.१७ या आवृत्तीत आला. त्याच कंपनीने आपल्या नव्या चिपसाठी स्वतःचा मुक्त ड्रायव्हर सप्टेंबर २०१० मध्ये दिला. तोवर ‘एनडीआयएसरॅपर’ नावाच्या जुगाडाने विंडोजचा ड्रायव्हरच लिनक्समध्ये चालवण्याचीही पद्धत होती.

ड्रायव्हर मोकळे झाले, पण फर्मवेअर कंपनीचंच राहिलं. त्याचा सोर्स कोड मिळत नाही, आणि काहींच्या बाबतीत ते वाटायचीही परवानगी नाही. आपल्या गडचिरोली जिल्ह्यातलं उदाहरण द्यायचं तर धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं देता येईल. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पण आपल्याच जंगलातला बांबू विकायला बाहेर न्यायचा तर वाहतूक पास लागणार, आणि पासचं पुस्तक दुसऱ्याच्या हातात! ते ग्रामसभेच्या हाती आलं एप्रिल २०११ मध्ये. हक्क आपला पण पास दुसऱ्याचा असेल, तर गाडी नाक्यावरच अडते. ड्रायव्हर आपला पण फर्मवेअर नाही, यातही तसंच होतं.

डेबियन हा तत्त्वाला चिकटून राहणारा समूह. म्हणून त्याच्या अधिकृत सीडीत असलं अमुक्त फर्मवेअर ठेवतच नसत. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांनी मतदान करून हा नियम बदलला आणि १० जून २०२३ ला आलेल्या डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येऊ लागलं.

आता आमच्या विंगमधला पेनड्राइव्ह आठवा. डेबियन ११!

त्या दोन रात्री

खरं सांगायचं तर वरची शिस्त मला त्या रात्री नव्हती. मी दिसेल तो आदेश मारत सुटलो आणि तीन वेळा सगळी सिस्टिम नव्याने टाकली. दुसऱ्या रात्री दोन वाजता कंटाळून कर्नलची चिठ्ठी वाचली. फाइलचं नाव आणि उणे २ पहिल्या दिवसापासून तिथेच होतं.

पण ती फाइल उतरवायला नेट हवं, आणि नेट यायला ती फाइल हवी. आधी कोंबडी की आधी अंडं! यावर उपाय प्रत्येकाच्या खिशात आहे. अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडायचा आणि सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करायचं. लिनक्सला वाटतं वायरचं नेटवर्क लावलं. वेगळं काही टाकावं लागत नाही. सॉफ्टवेअरच्या यादीत अमुक्त विभाग चालू केला, आमच्या चिपचं फर्मवेअर पॅकेज उतरवलं, मशीन पुन्हा चालू केलं.

यादी तरीही रिकामी!

मित्र म्हणाला, “जाऊ दे बे, दुकानवाला बरोबर होता.” मलाही तसंच वाटलं, आणि टाकलेलं पॅकेज काढायला निघालो होतो. सहज पुन्हा चिठ्ठी बघितली तर फर्मवेअरची तक्रार गेलेली. म्हणजे तिसरी कडी जुळली होती. मग ‘आरएफकिल’ बघितलं: हार्ड बंदी. दोन दिवसांच्या धडपडीत आम्हीच कधीतरी वायफायची फंक्शन-की दाबून ठेवली होती. ती दाबली आणि अख्ख्या होस्टेलचे हॉटस्पॉट, त्यांच्या अचाट नावांसकट, पडद्यावर उतरले.

मी शिकलो ते एवढंच. एकाच वेळी दोन कड्या तुटलेल्या असू शकतात. पहिली जोडल्यावर फरक दिसला नाही म्हणून ती पुन्हा तोडू नका. प्रत्येक पायरीनंतर यादी नव्हे, त्या कडीची खूण तपासा. आणि कुठला तरी अनोळखी स्क्रिप्ट ‘सुडो’ लावून चालवू नका. ती अख्ख्या मशीनची किल्ली आहे.

गावी जाण्याआधी

पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि अशा वेळी नेटवर्कचाही भरवसा नसतो. सुट्टीत तिथे लॅपटॉप नव्याने टाकायची वेळ आली तर फोनचं टेदरिंगही कामाचं नाही. म्हणून होस्टेलवर असतानाच पेनड्राइव्हवर दोन गोष्टी घेऊन ठेवा: नव्या आवृत्तीचा इन्स्टॉलर, आणि ‘एपीटी डाउनलोड’ने उतरवलेलं आपल्या चिपचं फर्मवेअर पॅकेज. मात्र काही पॅकेजं नुसती निरोप्या असतात, खरी फाइल इन्स्टॉल होताना नेटवरूनच आणतात. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपचं ‘बी४३’ इन्स्टॉलर पॅकेज तसलंच. तुमचं तसं असेल तर चालू मशीनमधल्या ‘लिब’ फोल्डरच्या आतलं ‘फर्मवेअर’ फोल्डरच कॉपी करून घ्या. आणि चिपचे ते दोन आकडे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.

विंगमधल्या पेनड्राइव्हवर आता डेबियन १३ आहे. मित्राचा लॅपटॉप चालू आहे, सबमिशन वेळेत झालं, आणि तेंदूपत्त्याचे पैसे ज्या कामासाठी ठेवले होते त्याच कामाला लागले.

तर मंडळी, पुढच्या वेळी कोणी ‘कार्ड उडालंय’ म्हणालं, तर आधी चार पायऱ्या करा. नाहीच जमलं तर माझ्या खोलीचं दार वाजवा. फक्त परीक्षेच्या आदल्या रात्री नको!