कथात्मक उताऱ्यातील रिकाम्या जागा

इंग्रजीच्या परीक्षेत कथेतील काही शब्द गाळून ते भरावयास सांगतात. ही पद्धत विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मजकुराची वाचनसुलभता मोजण्यासाठी मांडली. म्हणून येथे पाठांतरापेक्षा संदर्भ ओळखण्याची कसोटी लागते. अनेक वर्षांनी पुन्हा अभ्यासाकडे वळलेल्या विद्यार्थ्यास हे अनुकूलच आहे. कथा कशी पुढे सरकते, हे त्यास ठाऊक असते.

प्रथम एकही जागा न भरता संपूर्ण कथा वाचावी. नंतर प्रत्येक जागेच्या मागचे व पुढचे वाक्य पाहावे.

पुढील मजकूर इंग्रजीत आहे असे समजा : ‘रमेश धावत मलकापूर स्थानकावर पोहोचला, (१) गाडी (२). (३) वेळेवर सुटली होती.’

(१) येथे अपेक्षाभंग आहे. म्हणून ‘अँड’ नव्हे, ‘बट’.
(२) गाडी सुटणे ही पोहोचण्यापूर्वीची क्रिया. म्हणून ‘हॅड लेफ्ट’.
(३) मराठीत गाडी स्त्रीलिंगी असल्याने आपण ‘शी’ लिहू लागतो. इंग्रजीत निर्जीव वस्तूसाठी सामान्यतः ‘इट’ येते. मातृभाषेचा हा प्रभाव ओळखता आला, तर गुण वाचतात.

शेवटी भरलेली कथा सलग वाचावी.

स्वाध्याय : पाऊस, पुस्तक, नदी या शब्दांसाठी मराठीत व इंग्रजीत कोणती सर्वनामे येतात, ते लिहा.