खड्ड्यात उतरल्याशिवाय काळी कळत नाही

मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यातल्या रिकाम्या वावरातून जायचं तर खाली बघून चालावं लागतं. काळीला पडलेल्या भेगांत हात कोपरापर्यंत सहज जातो. मृगाचे दोन-तीन दमदार पाऊस झाले की त्याच भेगा मिटतात आणि चार पावलांत चपला चिखलाने जड होतात. मग वाफसा येईपर्यंत औत बांधावरच उभं. दक्षिणेला पाचोरा-चाळीसगावकडे, अजिंठा-सातमाळ्याच्या पायथ्याशी, चित्र उलटं दिसतं. तिथली मुरमाड जमीन सकाळच्या पावसानंतर दुपारी वखराला तयार असते, पण पावसाने आठवडाभर ओढ दिली की पीक माना टाकतं.

या दोन्ही जमिनी एकाच काळ्या पाषाणातून, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी ओतलेल्या बेसाल्टच्या लाव्हातून, झिजून तयार झाल्या आहेत. आईबाप एकच, तरी स्वभाव इतके वेगळे का? याचं उत्तर एका तपासणीतून मिळत नाही. प्रयोगशाळेतले आकडे, पाऊसपाण्याची नोंद आणि जमिनीची भूरूपातली जागा, ही तिन्ही एकत्र वाचली तरच मातीची खरी ओळख पटते. खानदेशातल्या शेतीचे बरेच निर्णय मात्र आजही यातल्या एकाच्याच, तेही अर्ध्यामुर्ध्या माहितीवर घेतले जातात.

दीड मीटरचा खड्डा

मृदा सर्वेक्षणाची सुरुवात कुदळ-फावड्याने होते. माणूस उभा राहील एवढा, साधारण दीड मीटर खोल खड्डा घेतात आणि उजेडाकडची बाजू सुरीने तासून स्वच्छ करतात. या उभ्या भिंतीला मृदा परिच्छेदिका म्हणतात. तापीकाठच्या भारी जमिनीत असा खड्डा घेतला तर वरचा वीतभर थर नांगर-वखराने मोकळा झालेला, भुसभुशीत दिसतो. त्याखाली माती टोकदार कडांच्या घट्ट ढेकळांची होते. अर्ध्या मीटरच्या खाली गेलं की खरी गंमत सुरू होते. तिथलं ढेकूळ हाताने उकललं तर ते पाचरीच्या आकारात, तिरकं सुटतं. सुटलेली बाजू उन्हात धरली तर घासून चकचकीत केल्यासारखी दिसते आणि तिच्यावर एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा असतात.

या रेघा म्हणजे माती हलल्याची खूण. पावसाळ्यात खालची माती फुगते, पण तिला पसरायला जागा नसते. मग ढेकळं एकमेकांवर घसरतात आणि वर ढकलली जातात. उन्हाळ्यात भेगा पडल्या की वरची माती त्यांत ओघळते. दरवर्षी हेच होत राहतं. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अशा मातीला व्हर्टिसॉल म्हणतात. चिकणमातीचं प्रमाण 30 टक्क्यांहून जास्त, ठरावीक काळ उघड्या राहणाऱ्या भेगा आणि या घासलेल्या चकचकीत बाजू, ही तिची लक्षणं. शेवटचं लक्षण खड्ड्यात उतरल्याशिवाय दिसतच नाही.

भिंतीत जागोजागी पांढरे खडेही दिसतात. हीच आपली चुनखडी. त्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसून बुडबुडे येतात. हे खडे किती खोलीवर सुरू होतात आणि त्यांच्या कडा स्पष्ट आहेत की आजूबाजूच्या मातीत विरघळत गेल्यासारख्या, हे सर्वेक्षक बारकाईने लिहून ठेवतात. त्याचं कारण पुढे येईल.

प्रयोगशाळेतले आकडे काय बोलतात

प्रत्येक थराचा वेगळा नमुना पिशवीत भरून प्रयोगशाळेत जातो. तिथे आधी कणांची मोजदाद होते. मातीतला चुना आणि सेंद्रिय अंश काढून ती पाण्यात ढवळतात. जड वाळू लगेच तळाशी बसते, पोयटा त्यामागून, आणि 0.002 मिलीमीटरहून बारीक चिकणमातीचे कण कितीतरी तास तरंगत राहतात. या आकाराच्या कणाला 10 सेंटीमीटर खाली यायला 7 ते 8 तास लागतात. तेवढ्या वेळानंतर त्या खोलीवरून पिपेटने ठरावीक पाणी उचलून, सुकवून वजन केलं की चिकणमातीचं प्रमाण कळतं. खोल काळ्या जमिनीत ते बऱ्याचदा 50 ते 60 टक्के भरतं.

नुसतं प्रमाण पुरत नाही, जातही बघावी लागते. क्ष-किरणांनी तपासलं तर आपल्या काळीत स्मेक्टाइट गटाचं खनिज प्रामुख्याने आढळतं. त्याचे पापुद्रे इतके पातळ आणि सैल असतात की त्यांच्यामध्ये पाणी शिरतं. शुद्ध स्मेक्टाइटच्या एका ग्रॅमचं पृष्ठफळ 800 चौरस मीटरपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे 10 ग्रॅममध्ये जवळपास दोन एकर! पाणी धरणं, अन्नद्रव्यं धरणं, फुगणं, भेगाळणं, सगळं याच पृष्ठफळाच्या जोरावर चालतं. फुगण्याचंही माप आहे. वाळल्यावर 10 सेंटीमीटर लांब असलेला मातीचा तुकडा ओला असताना 11.5 सेंटीमीटर भरला तर गुणांक 0.15 येतो. 0.09 च्या वरची माती फार फुगणारी समजतात.

काळा रंग पाहून जमिनीत सेंद्रिय कर्ब भरपूर असेल, हा समज मात्र प्रयोगशाळा खोडून काढते. वसिली डोकुचायेव यांनी 1883 साली रशियातल्या काळ्या मातीवर ग्रंथ लिहिला आणि त्यातूनच मृदाशास्त्र स्वतंत्र शास्त्र म्हणून उभं राहिलं. ती माती गवताळ प्रदेशातल्या सेंद्रिय पदार्थांमुळे काळी आहे. आपल्याकडे सेंद्रिय कर्ब बहुधा अर्धा-पाऊण टक्क्याच्या आसपासच असतो. जो थोडा आहे तो चिकणमातीला घट्ट बांधलेला, म्हणून रंग गडद. रंगावर विसंबून शेणखत, पालापाचोळा टाळला तर नुकसान आपलंच.

पाऊस कमी, बाष्पीभवन जास्त

आता आभाळाची साक्ष. धुळ्यात वर्षाला साधारण 550 ते 600 मिलीमीटर पाऊस पडतो, जळगावात 700 च्या आसपास. आणि हवा वर्षभरात ओढून नेऊ शकते ते पाणी दीड हजार मिलीमीटरहून जास्त. जमेपेक्षा खर्च दुपटीहून अधिक, आणि जमाही बहुतेक चार महिन्यांतच होते.

या हिशेबाचा परिणाम पिकावर होतो हे सर्वांना ठाऊक आहे. तो मातीच्या रसायनावरही होतो. पाणी पुरेसं खोल झिरपलं तर विरघळलेले क्षार सोबत घेऊन जातं. ते मध्येच आटलं तर त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट होऊन, म्हणजे चुनखडी होऊन, तिथेच बसतं. कॅल्शियम असं बाजूला पडत गेलं की चिकणमातीच्या कणांवर सोडियमचा वाटा वाढतो. कॅल्शियम कणांना एकत्र धरून ठेवतं, सोडियम त्यांना सुटं करतं. सुटे कण बारीक छिद्रं बुजवतात आणि पाणी खाली जायचं थांबतं. ही झाली चोपण जमिनीची सुरुवात.

शेजारच्या पूर्णा खोऱ्यात हे नीट अभ्यासलं गेलं आहे. नागपूरला 1976 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेतले डी. के. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातली काळी थराथराने तपासली. खोऱ्यात पश्चिमेकडे पाऊस कमी होत जातो, तसा खालच्या थरांतला सोडियमचा वाटा वाढत जातो, असं त्यांना दिसलं. दुसरा निष्कर्ष त्याहून महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या क्षारता प्रयोगशाळेने 1954 साली सोडियमचा वाटा 15 टक्क्यांवर गेला की जमीन बिघडली, अशी मर्यादा घालून दिली होती. ऑस्ट्रेलियाने पुढे आपल्या मातीसाठी ती 6 टक्क्यांवर आणली. आपल्या काळीत 5 टक्क्यांच्या पुढेच निचरा मंदावतो, हे नागपूरच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. परक्या मातीची मापं आपल्या मातीला जशीच्या तशी लावू नयेत, याचा याहून चांगला दाखला नाही.

ही पूर्णा जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापीला मिळते, आणि तिथून पुढे धुळ्याकडे पाऊस आणखी कमी होत जातो. म्हणून खानदेशाने ही तपासणी मनावर घ्यायला हवी.

चुनखडीच्या कडा का बघायच्या, तेही इथे उलगडतं. विरघळत गेल्यासारख्या कडांचे खडे आजच्या कोरड्या हवेत तयार होत आहेत. तासलेल्या, स्पष्ट कडांचे खडे जुन्या काळचे. स्मेक्टाइटचा एवढा साठाही आजच्या पावसात तयार होणं शक्य नाही. तो पूर्वीच्या ओल्या हवामानात उंचावरच्या बेसाल्टवर तयार झाला आणि पाण्यासोबत खोऱ्यात येऊन साचला, असं हे संशोधन सांगतं. म्हणजे वाहून गेलेली काळी आजच्या हवेत पुन्हा तशीच तयार होणार नाही.

उताराचा हिशेब

तिसरी साक्ष भूरूपाची. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळा आणि मधून पश्चिमवाहिनी तापी. चोपडा, यावल, रावेर भागात सातपुड्याच्या पायथ्याशी ओढ्यांनी आणलेल्या दगडगोट्यांचा जाड थर आहे. तिथे पाणी झपाट्याने जिरतं. त्याखालच्या सपाटीवर खोल गाळाची जमीन येते, केळीबागांची. ऐन तापीकाठी मात्र हाच गाळ पाण्याने चिरून घळी पडल्या आहेत. धुळ्याच्या बाजूला बेसाल्टमध्ये घुसून थिजलेल्या उभ्या दगडी भिंतींचे, म्हणजे डाइकचे, मैलोन् मैल लांब कणे दिसतात. कण्यावर माती वीतभर आणि शेजारच्या सखल भागात हातभर, असा फरक एकाच शिवारात सापडतो.

या फरकाचं मोल आकड्यात मांडता येतं. 25 सेंटीमीटर खोलीची मुरमाड जमीन पिकाला उपयोगी पडेल असं साधारण 30 मिलीमीटर पाणी धरते. एक मीटर खोल काळी 150 मिलीमीटर किंवा त्याहून जास्त. फुलोऱ्यातली कपाशी रोज 5 मिलीमीटर पाणी घेते असं धरलं, तर पहिल्या जमिनीत सहा दिवसांची शिदोरी, दुसरीत महिन्याची. ऑगस्टमध्ये पावसाने तीन आठवडे दडी मारली तर कोणाची कपाशी तगेल हे सांगायला ज्योतिषी नको.

आता यात सोडियम मिळवा. खालच्या थरात पाणी शिरतच नसेल, मुळं अर्ध्या मीटरवर अडत असतील, तर दीड मीटर खोल भारी जमीन पिकाच्या लेखी मध्यम जमीन ठरते. वर पाणी साचून मुळं गुदमरतात आणि पंधरा दिवसांनी तेच पीक पाण्यावाचून सुकतं. प्रयोगशाळा, पाऊस आणि उतार यांतला एकही दुवा सुटला तर हे कोडं उलगडत नाही.

पिशवीतली माती पुरेशी नाही

19 फेब्रुवारी 2015 रोजी मृदा आरोग्य कार्ड योजना सुरू झाली. तिच्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं, असे 12 घटक तपासतात. खताचा डोस ठरवायला हे उपयोगी आहे आणि ते करावंच. पण हा नमुना वरच्या वीतभर थराचा असतो. जमिनीची खोली, चिकणमातीचं प्रमाण, पाणी धरण्याची ताकद आणि खालच्या थरातला सोडियम त्या 12 घटकांत नाही. कार्डावर सामू 8.3, क्षारता मर्यादेत, सगळं ठीक. आणि पाऊण मीटर खाली जमीन कोंडलेली, असं असू शकतं. अशा जमिनीला खताचा डोस वाढवून काही होत नाही. तिला जिप्सम लागतं, ताग-धैंचासारखं हिरवळीचं खत लागतं, निचऱ्याचे चर लागतात, रुंद वरंबा-सरी लागते. आणि जिप्सम किती, हे सोडियम मोजल्याशिवाय ठरत नाही.

उपग्रह आणि संगणकी नकाशांनी काम सोपं केलं आहे, यात शंका नाही. उतार आणि उंची आता घरबसल्या कळते. पण 1:2,50,000 प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटीमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. त्यात गावाचं शिवार बोटभर होतं आणि बांधाबांधावरचा फरक पुसून जातो. संगणकाचा अंदाजही शेवटी कुणीतरी प्रत्यक्ष खोदलेल्या खड्ड्यांच्या नोंदींवरच उभा असतो.

उपाय अवाक्याबाहेरचा नाही. प्रत्येक शेतात खड्डा घ्यायची गरज नाही. गावकरी आपल्या शिवारातली भारी, मध्यम, हलकी, चोपण अशी वाटणी आधीच जाणतात. त्या प्रत्येक प्रकारात एक नीट नोंदवलेला खड्डा, थराथराची तपासणी आणि शेजारी पर्जन्यमापकाची नोंद, एवढं केलं तरी गावाचं भूमिपत्रक तयार होतं. विहीर खणताना, शेततळं घेताना, जलवाहिनीचे चर काढताना गावोगावी अशी भिंत फुकटात उघडी पडते. कृषी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी आणि कृषी सहायकांनी ती बुजण्याआधी वाचली पाहिजे. ही नोंद एकदा झाली की पिढ्यान् पिढ्या कामी येते. खोली, पोत आणि खनिजाची जात दर हंगामाला बदलत नाही. शेतकऱ्यानेही पुढच्या वेळी माती तपासायला देताना वरच्या थराच्या पिशवीसोबत दोन-अडीच फुटांवरच्या मातीची दुसरी पिशवी द्यावी आणि तिच्यातला सोडियम मोजून मागावा. कपाशी पाणी तिथूनच ओढते.