यूरोपीय स्थलांतर, कोकण-गोव्यातील

पंधराव्या शतकाच्या अखेरीस भारताचा सागरी मार्ग सापडल्यानंतर यूरोपातून, विशेषतः पोर्तुगालमधून, पश्चिम किनाऱ्यावर येऊन राहिलेल्या लोकांचे स्थलांतर आणि त्यातून कोकण-गोव्यात निर्माण झालेली मिश्र समाजरचना. अमेरिका खंडात यूरोपीय वसाहतवाल्यांनी मूळ रहिवाशांची जागाच मोठ्या प्रमाणावर घेतली; कोकणात तसे घडणे शक्य नव्हते. येथील लोकवस्ती दाट, शेती व व्यापार जुने आणि ग्रामसंस्था मजबूत होत्या. शिवाय येणाऱ्यांची संख्या फारच तोकडी होती. सोळाव्या शतकात मोझँबीकपासून मकावपर्यंतच्या सर्व ठाण्यांत मिळून शस्त्र धरू शकणारे यूरोपीय व मिश्रवंशीय पुरुष सुमारे दहा हजारांपलीकडे फारसे कधी गेले नसावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. एवढ्या थोड्या लोकांनी येथील जमीनधारणा, धर्म, भाषा व आहार यांवर जो खोल ठसा उमटविला, त्याचे कारण संख्येत नव्हे, तर सत्ता, जमीन व विवाह यांच्या त्यांनी घातलेल्या सांगडीत शोधावे लागते.

प्रवास व येणारे लोक : पोर्तुगीज ताफा मार्च-एप्रिलमध्ये लिस्बनहून निघे आणि आफ्रिकेला वळसा घालून सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गोव्यास पोहोचे. सहा महिन्यांच्या या प्रवासात रक्तपिती व ज्वर यांनी अनेकजण दगावत. उतरलेल्यांपैकी पुष्कळांना प्रथम गोव्याच्या शाही रुग्णालयात न्यावे लागे. फ्रेंच प्रवासी फ्रान्स्वा पिरार हा सतराव्या शतकाच्या प्रारंभी येथे रुग्ण म्हणून राहिला होता. त्याने या रुग्णालयाच्या व्यवस्थेची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. येणाऱ्यांत सैनिकांचा भरणा मोठा असे. त्यांखेरीज सरदार घराण्यांतील धाकटे मुलगे, अधिकारी, व्यापारी, कारागीर, धर्मोपदेशक आणि यहुदी धर्मातून सक्तीने ख्रिस्ती करण्यात आलेले ‘नवख्रिस्ती’ असत. शेकडो पुरुष घेऊन येणाऱ्या जहाजावर स्त्रिया मात्र बोटांवर मोजण्याइतक्याच, किंबहुना पुष्कळदा मुळीच नसत. पुढील समाजाची घडण बव्हंशी या एका गोष्टीने ठरविली.

विवाहनीती : आफोन्सो द अल्बुकर्क याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी आदिलशाहीकडून गोवा दुसऱ्यांदा व कायमचा जिंकला. ठाणे टिकवावयाचे, तर दरसाल येणाऱ्या व मरणाऱ्या सैनिकांवर विसंबून चालणार नाही, हे ओळखून त्याने आपल्या सैनिकांचे बाप्तिस्मा घेतलेल्या स्थानिक स्त्रियांशी विवाह लावून देण्यास प्रारंभ केला. यांतील अनेक स्त्रिया लढाईत हाती लागलेल्या मुसलमान कुटुंबांतील होत्या. तेव्हा या धोरणास वांशिक औदार्य समजणे योग्य होणार नाही. विवाह करून स्थायिक झालेल्यास ‘काझादु’ म्हणत. त्याला घर, जमीन, व्यापाराची मोकळीक व नगरसभेत स्थान मिळे. अविवाहित ‘सोल्दादु’ला यांपैकी काहीच नसे. पावसाळ्यात आरमार नांगरून पडले की, हे बिनपगारी सैनिक एखाद्या धनिकाच्या पंक्तीस राहून दिवस काढीत आणि संधी मिळताच विजापूर किंवा अहमदनगरच्या नोकरीत शिरत. मराठ्यांकडेही असे लोक आले. १६५९ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या बाजूस आरमार बांधावयास घेतले, तेव्हा रुइ लैतांव व्हियेगस याच्या हाताखाली पोर्तुगीज कारागीर कामास होते. हे आरमार उद्या आपल्यावरच चालून येईल, या भीतीने वसईच्या पोर्तुगीजांनी त्यांना फितवून परत नेले.

सोळाव्या शतकाच्या मध्यापासून पोर्तुगीज राजाच्या आश्रयाखालील अनाथ कुमारिका थोड्या थोड्या संख्येने गोव्यास धाडण्यात येऊ लागल्या. ‘राजाच्या अनाथ मुली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मुलींना हुंडा म्हणून रोख रकमेऐवजी एखाद्या किल्ल्याची, जकातीची किंवा वखारीची जागा लावून दिली जाई. जो तिच्याशी विवाह करील, त्यास ती जागा मिळे. सरकारी नोकरी अशा रीतीने स्त्रीधन बनल्यामुळे कारभाराची गुणवत्ता काय राहिली असेल, हे वेगळे सांगावयास नको.

जातिविचार : यूरोपीय समाजातही जन्मावरून उतरंड लागली. पोर्तुगालमध्ये जन्मलेला तो ‘रेइनॉल’, भारतात यूरोपीय आईबापांपोटी जन्मलेला तो ‘कास्तिसु’ आणि मिश्र रक्ताचा तो ‘मेस्तिसु’. त्यांच्या खाली स्थानिक ख्रिस्ती व तळाशी आफ्रिकेतून व इतर ठिकाणांहून आणलेले गुलाम असत. ‘कास्ट’ ही यूरोपीय भाषांतील हिंदू जातिसंस्थेची संज्ञा मूळ पोर्तुगीज ‘काश्ता’ या शब्दापासूनच आलेली आहे. धर्मांतरित हिंदूंनीही आपल्या जाती सोडल्या नाहीत. गोव्यातील ख्रिस्ती समाजात बामण, चारडो, शूद्र हे भेद, विशेषतः सोयरीक जुळविताना, टिकून राहिले. धर्म बदलला, पण सोयरसंबंध बदलले नाहीत, असे हे चमत्कारिक दृश्य होते.

एतद्देशीय ख्रिस्ती धर्मगुरूंना वरच्या जागा दीर्घकाळ नाकारण्यात आल्या. दिवाडी येथील मातेउश द काश्त्रु यास रोमने सतराव्या शतकात बिशप केले; परंतु गोव्याच्या पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांनी त्यास मानले नाही. १७६१ च्या राजाज्ञेने एतद्देशीय ख्रिस्ती व यूरोपीय प्रजाजन समान असल्याचे जाहीर केले, तरी तिची अंमलबजावणी १७७४ पर्यंत रेंगाळली. १७८७ च्या पिंटो कटामागे हीच खंत प्रामुख्याने होती.

जमीन : गोव्यात पोर्तुगीजांनी गावकरी ही सामाईक ग्रामसंस्था मोडली नाही. १५२६ मध्ये आफोन्सो मेशिया याने तिचे रीतिरिवाज लेखनिविष्ट करून सारा ठरवून दिला. उत्तर कोकणात मात्र निराळा मार्ग अवलंबिण्यात आला. गुजरातच्या बहादुरशाहाने डिसेंबर १५३४ मधील तहान्वये वसई व तिच्या अखत्यारीतील मुलूख पोर्तुगीजांना दिला. या ‘उत्तर प्रांता’तील गावेच्या गावे ठराविक खंडावर यूरोपीय कुटुंबांना, बहुधा तीन पिढ्यांपुरती, लावून देण्यात आली. काही गावे स्त्रियांच्या नावे असत व त्यांनी पोर्तुगीजाशीच विवाह करावा, अशी अट असे. वसईचा किल्ला त्यामुळे सरदार घराण्यांचे निवासस्थान बनला आणि साष्टीतील कुणबी, कोळी व आगरी हे या नव्या जमीनदारांचे कुळ झाले. मुंबई बेटही काही काळ गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे खंडाने होते.

हा ओर्ता नवख्रिस्ती होता. तो १५३४ मध्ये गोव्यास आला. भारतीय वनौषधींवरील त्याचा संवादात्मक ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यातील पटकीचे वर्णन वैद्यकाच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. येथील वैद्य-हकिमांकडून आपण काय शिकलो, हे त्याने मोकळेपणाने नोंदविले. १५६८ मध्ये तो वारला. पुढील वर्षी धर्मसमीक्षण न्यायालयाने त्याच्या बहिणीस जिवंत जाळले आणि १५८० मध्ये त्याची अस्थी उकरून काढून तिलाही जाळण्याची शिक्षा अमलात आणली. छळापासून दूर जावे म्हणून ज्यांनी समुद्र ओलांडला, त्यांच्या पाठोपाठ १५६० मध्ये ते न्यायालयही समुद्र ओलांडून आले होते. मधला चार वर्षांचा खंड सोडल्यास ते १८१२ पर्यंत चालू राहिले.

उलट दिशेचे स्थलांतर : यूरोपीयांच्या आगमनाचा विचार करताना त्यामुळे घर सोडावे लागलेल्यांचाही विचार केला पाहिजे. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील व त्यानंतर साष्टी-बारदेशातील देवळे पाडण्यात आली. अनेक कुटुंबे देवमूर्तींसह जुवारी नदी ओलांडून आदिलशाही हद्दीतील अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडे तालुक्यात, गेली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली ती याच काळात. आज गोव्यातील जी देवस्थाने पुरातन म्हणून प्रसिद्ध आहेत, त्यांपैकी बरीचशी अशी निर्वासित देवस्थाने होत. काही सारस्वत कुटुंबे कारवार, मंगळूर व कोचीनपर्यंत जाऊन स्थायिक झाली.

भाषा व मुद्रण : गोव्यात १५५६ मध्ये आलेला छापखाना हा भारतातील पहिला. धर्मप्रसारासाठी लोकभाषा शिकणे आरंभीच्या जेझुइटांना अपरिहार्य वाटले. १५७९ मध्ये गोव्यास आलेला इंग्रज जेझुइट टॉमस स्टीफन्स याने ओवीबद्ध क्रिस्तपुराण रचले; ते १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापण्यात आले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात संतकवींच्या परंपरेतील मराठी भाषा एका परकीयाने ज्या सहजतेने हाताळली आहे, तीस तोड नाही. त्याचे कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु सत्तेचा कल पुढे उलटा झाला. २७ जून १६८४ च्या आदेशाने एतद्देशीय ख्रिस्त्यांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी, असे फर्माविण्यात आले. ते कागदावरच राहिले. तथापि कोकणीच्या वाङ्मयीन विकासास त्या वृत्तीने फार मोठी खीळ बसली.

मराठीत आलेले पोर्तुगीज शब्द या संपर्काचे स्वरूप स्पष्ट करतात. ते तत्त्वज्ञानाचे वा काव्याचे नाहीत. घर, बाजार, कचेरी व बंदर येथले आहेत : चावी, बिजागरी, बादली, घमेले, परात, पिंप, फीत, पगार, लिलाव, तुरुंग, काडतूस, पाद्री, नाताळ. हे शब्द ग्रंथांतून नव्हे, तर नोकर-धनी, सुतार-मुकादम आणि दुकानदार-गिऱ्हाईक यांच्या तोंडून आले, हे उघड आहे.

आहार व राहणी : मिरची, काजू, अननस, पपई, पेरू, तंबाखू ही मूळची अमेरिकेतील पिके पोर्तुगीज जहाजांतून येथे आली. मिरचीवाचून मराठी स्वयंपाकाची आज कल्पनाही करवत नाही. ‘बटाटा’ हा शब्द प्रथम रताळ्यासाठी आला व नंतर आजच्या बटाट्यास चिकटला. यीस्टच्या अभावी ताडीने पीठ आंबवून पाव भाजण्याची युक्ती गोव्यात रूढ झाली. आंब्याच्या कलमांची पद्धत रुजविण्याचे श्रेय जेझुइटांना दिले जाते आणि हापूस हे नाव ‘आफोन्सो’वरून आले आहे. देवघेव एकतर्फी नव्हती. डच प्रवासी लिन्सखोटेन (गोव्यात वास्तव्य १५८३–८८) याने गोव्याच्या पोर्तुगीज स्त्रिया पालखीतून हिंडत, तांबूल खात आणि घरात तलम झिरझिरीत झगा घालून वावरत, असे वर्णिले आहे. रोजचे स्नान व भात-आमटीचे जेवण हेही यूरोपीय घरांत रूढ झाले. लिस्बनहून नव्याने आलेल्यांस ही राहणी शिथिल वाटे. आणि आपण पोर्तुगीज आहोत हे दाखविण्यासाठी येथे जन्मलेले लोक चर्चच्या वाटेवर अधिकच डामडौल करीत.

उत्तर कोकणातील परिणाम : मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि सरदार घराणी गोव्यास निघून गेली. मागे राहिले ते धर्मांतरित शेतकरी, कोळी व बागाईतदार. वसईचे सामवेदी व वाडवळ ख्रिस्ती आणि साष्टी-मुंबईचे ‘ईस्ट इंडियन’ हे त्यांचे वंशज होत. यांची बोली मराठीच राहिली. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी १८८७ मध्ये, गोव्याहून नोकरीसाठी मुंबईस येणाऱ्या ख्रिस्त्यांपासून आपला वेगळेपणा दाखविण्यासाठी घेतले; आपण कंपनीची जुनी प्रजा आहोत, हा दावा त्यात होता. रेवदंड्यासमोरील कोर्लई गावात मात्र एक आगळा अवशेष टिकला आहे. चौलचे ठाणे १७४० मध्ये मराठ्यांकडे गेल्यावरही तेथील छोटा ख्रिस्ती समाज पोर्तुगीजजन्य मिश्रबोली बोलत राहिला. तिला ते ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. शब्द पोर्तुगीज व वाक्यरचना बव्हंशी मराठी अशी तिची ठेवण आहे. हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांपासून धर्माने आणि इतर ख्रिस्त्यांपासून अंतराने तुटल्यामुळे ती जगली.

मुंबई १६६१ च्या विवाहकराराने इंग्लंडच्या राजाकडे व १६६८ मध्ये कंपनीकडे आली, तेव्हा इंग्रजांना तेथे पोर्तुगीज जमीनदार आधीच भेटले. जेरल्ड ऑंजियर याने १६७२ मध्ये त्यांच्याशी करार करून सालिना वीस हजार अशर्फीच्या मोबदल्यात त्यांचे हक्क मान्य केले. कंपनीनेही इंग्रज स्त्रिया आणून पाहिल्या, पण हवामानामुळे व मृत्युसंख्येमुळे तो प्रयत्न फारसा साधला नाही.

देशावर : घाटावर यूरोपीय प्रथम आले ते वसाहतवाले म्हणून नव्हे, तर चाकरीस. पेशव्यांच्या फौजेतील पोर्तुगीज व गोवेकर ख्रिस्ती सैनिकांच्या उपासनेसाठी सवाई माधवरावाने पुण्यात जागा दिली व तेथे १७९२ मध्ये चर्च उभे राहिले. दुसऱ्या बाजीरावाच्या कवायती पलटणीचा अधिकारी कॅप्टन फोर्ड याचा बंगला दापोडी येथे, आजच्या पिंपरी-चिंचवड परिसरात वाकडपासून जवळच, होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत हीच पलटण इंग्रजांस जाऊन मिळाली. पुढे गव्हर्नर सर जॉन माल्कम याने ती जागा सरकारसाठी घेतली आणि १८२८ मध्ये तेथे वनस्पतिउद्यान सुरू झाले. १८३८ पासून त्याची देखरेख अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टराकडे होती. १८६० नंतरच्या दशकात गणेशखिंडीत नवे राजभवन बांधावयास घेतल्यावर दापोडीची मालमत्ता विकण्यात आली. गिब्सनने १८४७ ते १८५० च्या दरम्यान उद्यानातील वनस्पतींची रंगीत चित्रे एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून करवून घेतली. ती एडिंबरोच्या शाही वनस्पतिउद्यानात जतन करण्यात आली आहेत. चित्रांवर वनस्पतींची नावे आहेत. चित्रकाराचे नाव लिहून ठेवलेले नाही.