समुद्राची हद्द कशी मोजतात?

शेताच्या हद्दीचा वाद झाला म्हणजे आपण मोजणी आणतो. खुणेचे दगड सापडले की वाद मिटतो. पण समुद्राच्या हद्दीला दगड कुठला? वाळू येते आणि जाते.

आपल्या देशाच्या पूर्व किनाऱ्यावर चेन्नई शहर आहे. पूर्वी त्याला मद्रास म्हणत. तिथे लाटा तिरप्या येतात आणि वाळू ढकलत नेतात. वर्षाचा हिशेब केला तर जास्त वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते.

१८७५ नंतर तिथे बंदर बांधले. आगबोटींना लाटांचा त्रास होऊ नये म्हणून समुद्रात दगडी भिंती घातल्या. त्यांनी वाळूची वाट अडली. पाटात फळी घातली तर काय होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. वर पाणी तुंबते, खालचे वाफे कोरडे राहतात. तसेच झाले बघा. दक्षिणेला वाळू साठून मरीनाची रुंद चौपाटी झाली. उत्तरेला नवी वाळू येईना. जुनी वाळू मात्र लाटा नेतच राहिल्या. तिकडे रोयापुरम भागात मच्छीमारांच्या वस्त्या. होड्या ओढून ठेवायची वाळू गेली, घरेही गेली.

किती जमीन गेली? म्हातारी माणसे सांगतात, पण कचेरीत पुरावा मागतात. तो आता आकाशातून मिळतो.

१९७२ साली अमेरिकेने लँडसॅट नावाचा उपग्रह सोडला. १९८८ साली भारताने आपला आय.आर.एस.-१ए सोडला. असे उपग्रह शेकडो किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि ठराविक दिवसांनी त्याच जागेवर येऊन चित्र घेतात. अशा दुरून पाहण्याला दूरसंवेदन म्हणतात. आपल्या डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश असतो. पाणी तो गिळून टाकते, म्हणून चित्रात काळे दिसते. वाळू तो परत फेकते, म्हणून उजळ दिसते. काळे आणि उजळ जिथे भेटतात, ती रेघ म्हणजे किनारा. जुन्या चित्रातली रेघ आणि आजची रेघ एकावर एक ठेवली की किनारा कुठे किती सरकला ते मोजता येते.

यात फसगतही होते हो! एक चित्र भरतीचे, दुसरे ओहोटीचे असेल, तर समुद्र सरकला नसतानाही सरकलेला दिसेल. म्हणून भरती-ओहोटीची वेळ पाहून चित्रे निवडतात. दुसरे असे, की चित्र लहान लहान चौकोनांचे असते. पहिल्या लँडसॅटचा एक चौकोन सुमारे ८० मीटरचा होता. त्यात एखादे घर कसले दिसणार? पुढच्या उपग्रहांचा ३० मीटरचा झाला. तरी चार-सहा हातांची धूप त्यात कळत नाही. त्यासाठी माणसाला अजून किनाऱ्यावर चालावेच लागते.

सरकारी शास्त्रज्ञांनी १९९० पासूनची चित्रे अशीच ताडून पाहिली. देशाच्या किनाऱ्याचा सुमारे तिसरा हिस्सा झिजतो आहे, असे आढळले.

चेन्नईच्या उत्तरेला किनारा वाचवायला दगडांचे बांध घातले. तिथली जमीन टिकली, पण धूप पुढे उत्तरेला सरकली. ती आता कोणत्या वस्तीच्या दाराशी आली आहे, हे बघायला पुन्हा नवे चित्र जुन्यावर ठेवतात.